सहा रिकामी घरं

पत्त्यावरचं नाव आणि गाव मोठ्यानं वाचल्याशिवाय दस्तगीरभाई पत्र खणात टाकत नसत. दारात उभं राहून हाक मारावी तसं वाचायचे. कोल्हापूर स्टेशनाजवळच्या टपालखोलीत ते सॉर्टर, मी थैल्या उचलणारा हमाल. माझी शाळा दुसरीत सुटली. आकडे कळायचे, अक्षरांशी झटापट व्हायची.

एकाच नावाच्या वाड्या चार-चार. कुठली कुठल्या तालुक्यातली, हे भाईंना आडनावावरून कळायचं. मग सरकारनं टपालकचेऱ्यांना सहा आकडी नंबर दिले. कार्डावर त्यासाठी सहा चौकोनी घरं छापून आली. बाकीचे नुसता नंबर बघून भराभर पत्रं टाकू लागले. भाई वाचतच राहिले.

"भाई, नंबर हाय की."

"नंबर हाय. माणूस कोण हाय ते बघतोय."

पण मला नंबर शिकवले ते त्यांनीच. "म्हाद्या, जन्मभर थैल्या उचलून पाठ मोडशील. हात चालव जरा हिकडं."

माझी बायको हौसा तेव्हा बाळंतपणाला माहेरी, आजऱ्याकडच्या खेड्यात होती. एका सकाळी मी कार्डं लावत होतो. नंबर बघायचा, टाकायचं. लई शहाणा झाल्यासारखं वाटत होतं. थैली बांधायच्या आधी भाईंनी माझा आजऱ्याचा गठ्ठा सोडला आणि वाचायला बसले. एका कार्डावर थांबले.

"म्हादू हमाल, टपालखोली, कोल्हापूर." माझ्याकडं बघितलं. "बायकोचं कार्ड परत माहेरी धाडतोस व्हय रं?"

खेड्यातली माणसं त्या घरांत आपल्याच गावाचा नंबर घालायची. पत्र कुठनं आलं ते कळावं म्हणून. हौसाच्या भावानंही तेच केलेलं. आणि आकडा बघून माझं कार्ड मीच परत लावलेलं.

भाईंनी ते वाचून दाखवलं. हौसाचे पाय सुजलेत, डोळ्यांपुढं अंधारी येते, लगेच येऊन न्या.

मी खालीच बसलो. "बसतोस काय? ऊठ. थैल्या मी उचलतो," म्हणत त्यांनी मला टपालाच्याच मोटारीत कोंबलं.

हौसाला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. मूल गेलं, ती राहिली. आणखी एक दिवस गेला असता तर तीही गेली असती, डॉक्टर म्हणाले. मी भाईंच्या पायाशी वाकलो तर खांद्याला धरून उठवलं. "पाया काय पडतोस. नाव वाचायला शीक."

शिकलो. त्यांच्याजवळच बसून.

रिटायर झाल्यावर ते नृसिंहवाडीच्या पलीकडं लेकीकडं गेले. महिन्याला कार्ड यायचं, सहा घरं रिकामी. नंबर का घालत न्हाईसा, असं मी विचारलं. पुढच्या कार्डात उत्तर आलं, "नाव वाचणारं तिथं कोण उरलंय का बघतोय."

मग एक कार्ड आलं. सहाही घरं निळ्या शाईनं भरलेली. मी ते उलटलंच नाही.

चुलीपाशी हौसा होती. "कुणाचं?"

"भाई गेलं."

"न वाचताच?"

मी भरलेल्या घरांवर बोट ठेवलं. चहा उतू गेला, तिनं उतरवला नाही.

यंदा हौसा गेली. भाईंच्या लेकीला कळवायला कार्ड लिहिलं, माझ्या हातानं. नंबर पाठ आहे. घातला नाही. महिना झाला, उत्तर नाही. रोज दारात बसतो. पोस्टमन शेजाऱ्यांची नावं घेत पुढं जातो.