गुदगुल्या होणारा पैलवान

आमच्या कॉलेजात कुस्ती सुरू झाली ती एका भाषणामुळं. संस्थेचे अध्यक्ष कुठल्याशा सत्कारात बोलता बोलता रंगात आले आणि म्हणाले, "आमच्या कॉलेजात तर कुस्तीचं केंद्रच आहे!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आमचे प्राचार्यही जोरजोरात टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांच्या लक्षात आलं की असलं काही आपल्याकडं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. मी कॉलेजची क्रीडा संचालक.

"मॅडम, कुस्ती विभाग उघडायचाय."

"सर, मी खो-खोवाली आहे."

"मग काय झालं? दोन्हीत माणसं पडतातच की."

खो-खोत मी एवढी वर्षं एकच विद्या कमावली होती, कुणाच्या हाती न लागण्याची. आता मला अशा खेळाचा विभाग उभा करायचा होता जिथं शिट्टी वाजली की पहिल्यांदा समोरच्याच्या हातातच जायचं असतं. मी नोटीस बोर्डावर कागद लावला, 'कुस्ती संघासाठी नावे द्यावीत'. आठवड्यात तीन नावं आली. त्यातलं एक खुद्द प्राचार्यांचं होतं, कुणा टारगटानं लिहिलेलं.

शेवटी गेटवरच्या वॉचमननं मार्ग दाखवला. "मॅडम, शहागंजच्या मागं एक वस्ताद आहेत. वाळूजला कंपनीत होते, आता रिटायर झालेत. त्यांना विचारून बघा."

मी स्कूटी काढून गेले. पत्र्याच्या शेडमध्ये तालीम होती आणि साठीचा एक आडवा-उभा सारखाच गृहस्थ चाळणीनं लाल माती चाळत बसला होता. हेच वस्ताद. तीस वर्षं कंपनीत गिअर बनवले आणि तीस वर्षं पोरं बनवली. पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी तालीम, दुसरी असली की पहाटे. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी चाळणी थांबवली नाही.

"तुम्ही कुठल्या तालमीच्या?"

"मी खो-खो खेळायचे."

वस्तादांनी आणखी दोन चाळण्या माती चाळली. "म्हंजे पळायचं. हौ, ठीक है. कुस्तीत बी पळणारे लई असतात. फक्त आम्ही त्यांना वॉर्निंग देतो."

तासिका तत्त्वावर नेमायचं म्हटलं तरी मुलाखत लागते. मी फोनवर एवढंच म्हणाले, "वस्ताद, सोमवारी अकराला या. तिघांसमोर जायचंय." चूक माझीच. सोमवारी वस्ताद इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. आत टेबलामागं प्राचार्य, रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आणि संस्थेचे एक सदस्य बसले होते. वस्तादांनी तिघांवरून शांतपणे नजर फिरवली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि अदबीनं विचारलं, "पहिले कोण येताय?"

रसायनशास्त्राचे सर खुर्चीसकट मागं सरकले.

"नाय नाय, तुम्ही बसा," वस्तादांनी त्यांना धीर दिला. "तुमचं वजन बसत नाय."

मी धावत मध्ये पडले. "वस्ताद, ते फक्त प्रश्न विचारणारेत!"

"अच्छा, सवाल!" म्हणून वस्ताद खुर्चीत बसले खरे, पण जरा हिरमुसलेच.

संस्थेच्या सदस्यांनी छापील यादीतला प्रश्न वाचला, "आपली अध्यापनपद्धती सांगा." याचा अर्थ मी वस्तादांना कानात सांगितला. ते म्हणाले, "पोरगा पडला की उठवायचा. परत पडला, परत उठवायचा. उठायचा कंटाळा आला ना, की तो पडायचंच बंद करतो." रसायनशास्त्राचे सर नंतर मला म्हणाले की आजवर केलेल्या सगळ्या प्रशिक्षणांत त्यांना एवढं उपयोगी वाक्य मिळालं नव्हतं. नेमणूक झाली.

मग मॅट आली. निळ्या-पिवळ्या रंगाची, जाडजूड, हॉलभर पसरणारी. वस्तादांनी चपला काढल्या, एक पाय टाकून दाबून बघितला आणि मान हलवली. "मॅडम, ही गादी हाय. हिच्यावर निकाह लागंल, कुस्ती कशी लागंल?" तरी शिकले. रोज सकाळी कॉलेज भरायच्या आधी एकटेच मॅटवर अनवाणी चकरा मारायचे, नवीन जावयाशी ओळख करून घ्यावी तशी.

मॅटवर सगळ्यात आधी पाठ टेकली ती मात्र वाणिज्य विभागाच्या एका ज्येष्ठ सरांची. उन्हाळ्याचे दिवस, हॉलमध्ये कूलर, आणि खाली एवढी मऊ गादी. जेवणाच्या सुट्टीत सर बरोबर मधल्या गोलात झोपी गेले. वस्ताद आले. गुडघ्यावर बसले, वाकून सरांचे दोन्ही खांदे टेकलेत का ते नीट तपासलं आणि कानाशी मॅटवर फाडकन हात मारून ओरडले, "चीत!"

सर ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "प्रेझेंट सर!"

त्यानंतर कार्यालयानं हॉलच्या दारावर पाटी लावली, 'मॅटवर झोपू नये'. चार दिवसांत खाली पोरांनी लिहिलं, 'पाठीवर तर अजिबातच नाही.'

पण पाठी टेकायला पोरं हवी होती. वस्तादांनी प्रवेशाच्या दिवसांत खिडकीशेजारी खुर्ची मागून घेतली. आत क्लार्क मार्कशीट बघायचा, बाहेर वस्ताद मान आणि मनगट बघायचे. एके दिवशी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली एक मुलगी बी.ए.च्या रांगेत उभी होती. किडकिडीत नाही, फार दणकट पण नाही. मागून कुणीतरी रांगेत घुसायला बघत होतं आणि ती मागं न बघता नुसत्या कोपरानं त्याला परत पाठवत होती. वस्ताद खुर्चीवरून पुढं झुकले.

"बेटा, कशानं येती रोज?"

"जीपनं."

"खिडकीची जागा मिळती?"

"रोज."

"आत किती जण असतात?"

"पंधरा-सोळा. लई झाले तर अठरा."

वस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, "घेतली. निम्मं काम जीपवाल्यानं केलंय."

तिच्या वडलांना फोन लावला तर ते चक्रावून गेले. "मॅडम, मी पोरीला बी.ए.ला घातलंय. कुस्तीचं कधी ठरलं?" फोन वस्तादांनी घेतला. "भाऊ, बी.ए. बी होणार. फक्त बी.ए. करताना कुणी ढकललं तर पडणार नाय, एवढंच." पलीकडून आवाज आला, "तशी ती घरात बी कुणाला ऐकत नाय. तुमचं ऐकती का बघा."

अशी एकेक करून नऊ जणं जमली. दहावा आपणहून आला, पण कुस्तीसाठी नाही. परीक्षेचा फॉर्म भरायला. शहरातल्या एका बेकरीवाल्यांचा मुलगा, वजन एकशे बारा किलो, चेहरा असा गोड की त्याला बघून माणसाला चहा प्यावासा वाटावा. त्याला बघून वस्ताद खुर्चीतून उभेच राहिले.

"माशाल्लाह! मॅडम, सव्वाशे किलोच्या गटात कॉलेजं पोरंच आणत नाहीत. ह्यो नुस्ता उभा राहिला तरी मेडल हाय."

"सर, मला काहीच येत नाही," मुलगा म्हणाला.

"काय यायची गरजच नाय. उभं राहता येतंय ना?"

दुसऱ्या दिवशी तो लाजत लाजत आला. वस्तादांनी कन्नडच्या मुलीला सांगितलं, "हिकडून हात घाल, पकड दाखव." तिनं त्याच्या काखेतून हात घातला मात्र, त्या डोंगरातून असा काही बारीक, किणकिणता हसण्याचा आवाज निघाला की सगळा संघ हातातलं सोडून बघत राहिला. मुलगा हसत हसत खाली बसला, मग आडवा झाला. तिनं हात काढून घेतला तरी दोन मिनिटं हसत होता. आमच्या सव्वाशे किलो गटाच्या आशास्थानाला गुदगुल्या होत होत्या. काखेत, बरगड्यांवर, मानेवर, एवढंच काय गुडघ्यामागंही.

तीस वर्षांत वस्तादांसमोर असलं काही आलं नव्हतं. त्यांनी तीन दिवस विचार केला. मग रोज सरावाआधी दहा मिनिटं सगळ्या संघानं त्याला गुदगुल्या करायच्या असं ठरलं. सवय झाली की संपेल, हा हिशेब. नोंदवहीत मी त्याला 'विशेष सराव' असं नाव दिलं. शेजारच्या वर्गात परीक्षा चालू असायच्या. तिथले पर्यवेक्षक एकदा दार उघडून आत आले. नऊ पैलवान एका माणसाच्या काखा-बरगड्यांवर तुटून पडलेत आणि मी घड्याळ लावून बाजूला उभी आहे, एवढं बघून आल्या पावली परत गेले.

सवय काही होईना. शेवटी उपाय मुलानंच काढला. हसू यायला लागलं की तो पाढे म्हणायचा. लहानपणी बेकरीत वडलांनी घोकून घेतलेले. सुरुवातीला बाराच्या पाढ्यात दम धरवत नव्हता, दिवाळीनंतर एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत मजल गेली. एकोणतीस म्हणताना डोकं एवढं गुंतायचं की हसायला फुरसत नाही. वस्ताद खूश. "सब्र का डाव हाय हा," म्हणाले.

पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा शेंद्र्याच्या पुढं एका कॉलेजात होती. वजनं झाली आणि वस्ताद घाईघाईनं माझ्याकडं आले. "मॅडम, धोका झाला. त्यांनी बी एक उभा करून आणलाय!"

खरंच, दुसऱ्या एका कॉलेजच्या कुणा हुशार माणसानं आमच्यासारखाच विचार केला होता. त्यांचाही तसाच भलामोठा, तसाच घाबरलेला मुलगा. विज्ञान शाखेचा, गणित घेतलेला. आमच्या मुलानं त्याला पाहिलं आणि ओळखीच्या पाहुण्याला करावा तसा नमस्कार केला. त्यानंही केला.

शिट्टी वाजली. दोघं गोल फिरायला लागले. एक चक्कर, दोन, तीन. पंचांनी लढा म्हणून इशारा दिला, तेव्हा दोघांनी एकमेकांकडं 'आता काय इलाज' असं बघितलं आणि जवळ आले. समोरच्याचा हात नेमका बरगडीला लागला. आमच्या मुलाचे गाल फुगले. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा त्यानं पाढा सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

समोरचा जरा दचकला, पण पकड सोडेना. पाढा चालू. हसू दाबून दाबून आमच्या मुलाचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर! एकोणतीस साती... एकशे त्र्याण्णव!"

"दोनशे तीन," समोरचा म्हणाला. अगदी सहज. गणिताचा मुलगा, चूक ऐकवली नाही त्याला. सांगताना त्यानं एक हात सोडला आणि मान वर केली. बस्स. त्या 'दोनशे तीन'नं आमच्या मुलाचा बांध फुटला. तो खदखदून हसला, पाय लटपटले, आणि एकशे बारा किलोचं हसू समोरच्याच्या अंगावर कोसळलं. दोन्ही खांदे टेकले. पंचांनी मॅटवर हात मारला.

त्यांच्या प्रशिक्षकांनी हरकत घेतली की कुस्ती चालू असताना पाढे म्हणणं बेकायदा आहे. पंचांनी नियमांचं पुस्तक मागवलं. तिघांनी मिळून पानं उलटली. पाढ्यांविषयी त्यात काहीही नव्हतं. वस्ताद माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ये डाव मेरेकू बी मालूम नहीं था."

त्याच दिवशी कन्नडची मुलगी दुसऱ्या फेरीत एका गुणानं हरली. परतीच्या बसमध्ये सगळे बेकरीवाल्याच्या पोराभोवती नाचत होते, आणि ती खिडकीशी एकटीच बसली होती. चिकलठाणा आलं तेव्हा तिनं पुढं वाकून वस्तादांना विचारलं, "उद्या किती वाजता?"

"उद्या नाय. उद्या माझ्याकडं पाणी हाय."

आमच्या शहरात यावर कुणी वाद घालत नाही. नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, आणि ज्याच्याकडं पाण्याचा वार तो माणूस लग्नालाही जात नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात पोचले तर वस्ताद हॉलमध्ये. मुलगी पहिल्या जीपनं येऊन संघातल्या दोघींना घेऊन त्यांच्या घरी गेली होती. तिघींनी टाकी, दोन ड्रम, सगळ्या बादल्या भरल्या आणि वस्तादांना रिक्षात बसवून आणलं. "घरच्या बाई म्हणाल्या, घेऊन जा, अशाच येत जा," ती मला म्हणाली. त्या दिवशी वस्तादांनी तिला ढाक हा डाव शिकवला, जो ते सहजासहजी कुणाला शिकवत नसत.

त्याला आता काही वर्षं झाली. बेकरीवाल्याच्या पोरानं ते एकच मेडल घेऊन कुस्ती सोडली आणि सुखात आहे. मुलीनं बी.ए. केलं, मग बी.पी.एड., आणि आता आमच्याकडंच सहायक प्रशिक्षक आहे. वस्तादांचे गुडघे दुखतात, म्हणून ते काठावर खुर्चीत बसून सांगतात आणि ती करून दाखवते. यंदा संघात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत.

परवा त्या पोरींनी मला घेरलं. "मॅडम, तुम्ही एकदा तरी मॅटवर या ना!" मी वय सांगितलं, कंबर सांगितली, पंजाबी ड्रेस दाखवला. काही उपयोग झाला नाही. मी मॅटवर पाय ठेवला. समोर पहिल्या वर्षाची, माझ्या खांद्याला लागणारी पोरगी. "मॅडम, हळू करते हां," म्हणाली. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी उभी होते आणि मग नव्हते.

चीत पडल्यावर जे दिसतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, ते म्हणजे हॉलचं छत. पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ, आणि वर छताच्या लोखंडी कैचीत अडकलेली सहा शटलकॉक, जी हरवल्याची तक्रार बॅडमिंटनवाले गेल्या वर्षीपासून माझ्याकडं करत होते. मी पडल्या पडल्या मोजली, उठले आणि शिपायाला शिडी आणायला सांगितलं.