क्लबाचं टेबल झुकलेलं होतं

अलिबागच्या क्लबात बिलियर्डचं टेबल हाय. त्या टेबलावर अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात सगळ्यात भारी खेळणारा माणूस माझा धाकटा भाऊ, बुधाजी. हे मी सांगतोय, थळच्या कोळीवाड्यातला गुणाजी, दोन होड्यांचा मालक. कुणाला पटत नसंल तर समोर येऊन बोलावं. क्लबाच्या भिंतीवर जिंकणाऱ्यांची नावं सोनेरी रंगात लिवलीत. त्यात बुधाजी न्हाय. तो तिथं मार्कर. म्हणजे साहेबांनी खेळायचं आणि यानं गुण मोजायचे, चेंडू उचलून जागेवर ठेवायचे, हिरव्या कापडाला ब्रश मारायचा. नोकर!

तो काय जन्माचा नोकर न्हाय. माझ्यामागं सुकाणू त्याच्याच हातात जायचं होतं. पण त्रेपन्न साली रेवदंड्याच्या धक्क्याला होडी लावताना त्याचा गुडघा मधी सापडला. हलत्या होडीवर उभं राहणं संपलं. भर तिशीचा गडी म्हाताऱ्यांच्यात बसून जाळी विणायला लागला. मला बघवलं न्हाय. मी क्लबाचे सेक्रेटरी टिपणीस वकील, त्यांच्याकडं सरळ चालत गेलो आणि याला कामाला लावला. हात जोडले न्हाईत. पापलेटची जोडी नेली होती, पण ती ताजी होती, म्हणून नेली.

दोन-तीन महिने बुधाजी नुसता बघत होता. मंग सकाळची झाडलोट झाली की एकटाच चार फटके मारायचा. एक दिवस वकिलांनी बघितलं.

"तुझ्या हाताचा मासळीचा वास काठीला लागतो," वकील बोलले. "पुन्हा हात लावलास तर घरी बसवीन."

हे बुधाजीनं घरी येऊन हसत सांगितलं. हसत! माझं डोकं फिरलं. त्या टेबलाच्या कापडाखाली दगडाच्या पाच लाद्या हायत. त्या मुंबईहून मचव्यातनं आल्या, तवा आमच्या बापानं आणि चार कोळ्यांनी कमरेएवढ्या पाण्यातनं खांद्यावर वाहून नेल्या. तवा कुणाला वास आला न्हाय?

"तुला घरातच टेबल करून देतो," मी बोललो.

दयाराम मेस्त्रीला बोलावलं. दयाराम होड्या बांधणारा, माझ्या दोन्ही होड्या त्याच्याच हातच्या. जुन्या होडीच्या सागाच्या फळ्या दिल्या, वर शिडाचं कापड ताणलं. क्लबानं टाकून दिलेले टवके उडालेले तीन चेंडू बुधाजीनं आणले. टेबल तयार झालं. मधोमध चेंडू ठेवला, तो गडगडत कडेला गेला. दुसरा ठेवला, तो दुसऱ्या कडेला.

"दयाराम, हे काय करून ठेवलंस?"

"काय केलं? मधी जरा फुगवटा दिलाय."

"कशाला?"

"मंग पाणी निथळायला नको? साचलं तर लाकूड कुजंल."

"अरे टोणग्या, घरात कुठनं येणार पाणी?"

"चाळीस वरसं झाली, सपाट काय केलंच न्हाय मी. हात वळत न्हाय तसा."

मी कुऱ्हाड आणायला निघालो. बुधाजीनं माझा हात धरला. "असू दे दादा. कुठं किती वळतो ते कळलं की झालं."

दोन वरसं तो त्या फुगीर टेबलावर खेळला. कडेला हनुवटी टेकून, एक डोळा मिटून बघायचा. हळू मारला की चेंडू जास्त वळतो, जोरात मारला की कमी. कुठल्या फळीवर किती, सगळं त्याच्या डोक्यात. मलाही शिकवलं त्यानं. "वल्हं मारतोस तसा मारू नको दादा. मनगट सैल सोड." तिसऱ्या दिवशी मी शीड फाडलं. चौथ्या दिवशी तांबडा चेंडू भोकात घातला. कोळीवाड्यात आणखी कुणी घातला असंल तर नाव सांगा.

छप्पन्न साली क्लबात सामने झाले. वकिलांच्या समोर मुंबईचे कोण इंजिनेर साहेब होते. वकिलांचा शेवटचा फटका. तांबडा चेंडू बरोबर भोकाकडं निघाला आणि तोंडाशी जाऊन समुद्राच्या बाजूला वळला. वकील हरले. सगळ्यांच्या देखत बुधाजीवर ओरडले, "चेंडू कशानं पुसलास रे?"

"फडक्यानंच, साहेब. टेबल झुकलंय. समुद्राकडचा पाय फरशीसकट खालच्या रेतीत बसलाय. हळू मारलेला चेंडू तिकडं जातो."

पाहुणे हसले. वकील लालेलाल झाले. "विलायतेचं टेबल वाकडं आणि हा कोळी सरळ! चेंडूला खोबरेल लावलं असं कागदावर लिहितो मी. सही कर. नाही केलीस तर उद्यापासून येऊ नको."

बुधाजीनं घरी येऊन मला सांगितलं. मी बोललो, "मेलास तरी सही करायची न्हाय. आपण चोर न्हाय. उद्या मी येतो."

तो उठून आत जेवायला गेला. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी तो रोजच्यासारखा पहाटेच गेला. मी होडीचं काम उरकलं, घरातली पितळेची परात सायकलला बांधली आणि दहाच्या सुमाराला क्लबात पोचलो. पाहुणे होतेच.

"याला आत कुणी सोडला?" वकील ओरडले.

मी परात त्यांच्या हिरव्या कापडावर ठेवली. हां, कापडावरच. कोपऱ्यात माठ होता, त्यातलं पाणी तांब्यातांब्यानं ओतलं. समुद्राच्या बाजूनं पाणी कापडावर सांडायला लागलं, आणि गावाकडची कड अजून कोरडी.

"पाणी कुणाचं नोकर न्हाय साहेब," मी बोललो. "आता सांगा."

इंजिनेर साहेब वाकले, परातीला डोळा लावला. "टिपणीस, तुमचा मार्कर बरोबर बोलला हो."

"मंग भावाची माफी मागा," मी बोललो.

वकिलांनी सावकाश खण उघडला. कागद काढला. "कसली माफी? तुझ्या भावानं सकाळीच सही करून दिलीय."

मी बुधाजीकडं बघितलं. तो मान खाली घालून कापडावरचं पाणी टिपत होता.

"बुध्या, केलीस?"

"केली."

"खोटं हाय ते ठाऊक असून?"

"दादा, मला हे टेबल पाहिजे. जाळी विणत बसायचं न्हाय मला."

मी कागदाला हात घातला. वकिलांनी तो खणात टाकला, चावी फिरवली. "कागद क्लबाचा आहे. त्याची नोकरी राहील. परात उचल आणि नीघ."

एकाला मारावं तर वकील, दुसऱ्याला मारावं तर लंगडा. मी परात उचलली. थळपर्यंत सायकल हातात धरून चालत आलो, बसायचं पण सुचलं न्हाय.

अलिबागच्या सुतारानं टेबलाच्या पायाखाली पाचर मारली, ती आठ दिवसांत चेपली. मंग बुधाजी माझ्या नकळत दयारामला घेऊन गेला. दयारामची पाचर बसली आणि टेबल सरळ झालं. हे मला कळलं, तवा होळीपासून नारळी पुनवेपर्यंत मी दोघांशी बोललो न्हाय.

त्याला अकरा वरसं झाली. बुधाजी अजून तिथंच. डॉक्टर, मामलेदार, वकिलांचा जावई, सगळ्यांची मनगटं यानं सैल करून दिली. त्यांची नावं भिंतीवर सोनेरी अक्षरात, आणि याचं नाव खणात, खोटारडा म्हणून. त्याला त्याचं काय वाटत न्हाय. मला वाटतं. आमचं आडनाव एक हाय.

आता टेबलाचा दुसरा पाय बसलाय. मागल्या महिन्यात बुधाजी आला.

"दादा, पाचर पाहिजे. दयाराम बोलतो, तुझ्या शब्दाशिवाय देणार न्हाय."

"कागद आण, पाचर ने."

"वकील देणार न्हाईत."

"मंग झुकूंदे टेबल."

तो हसला. "मला झुकलेल्यावर खेळता येतं रे. साहेबांना येत न्हाय. रोज भांडणं लागतात."

"लागूंदे."

त्यानंतर चार रविवार तो येऊन गेला. चहा पितो, पाचर मागतो, जातो. दयारामनं पाचर केव्हाच घडवलीय, चांगली बाभळीची. माझ्या खाटेखाली ठेवलीय. वकिलांना पाहिजे असंल तर थळ लांब न्हाय. कागद घेऊन यावं, माझ्या भावासमोर फाडावा आणि पाचर घेऊन जावी.