दोन गाड्या, एक रेडिओ आणि नरनाळा

अमरावतीहून नरनाळ्याला जायचं ठरलं ते किल्ला पाहायला, असं मी घरी सांगितलं. खरं कारण मला आणि माझ्या मैत्रिणीला, नाझनीनला, दोघींनाच ठाऊक होतं.

आधी ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझे वडील बापू आणि नाझनीनचे अब्बा रशीदकाका यांचा मूर्तिजापूरला भागीदारीत माईकचा धंदा होता. भोंगे, ॲम्प्लिफायर, कॅसेटी. गावोगावच्या लग्नांत आम्ही दोघी पोरीही सोबत असायचो. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा एका लग्नात नवरी निघाली, सगळा मांडव रडायला लागला, आणि भोंग्यातून सनईऐवजी वरातीचं धमाल गाणं सुटलं. नवरीच्या मावशीनं रडता रडता ठेकाही धरला. नवरीच्या वडिलांनी स्वतः वायर उपटली. बापू म्हणाले, डबीत मी सनईचीच कॅसेट ठेवली होती. काका म्हणाले, मी डबीतलीच लावली. दोघंही खरं बोलत होते. डबीतली कॅसेट आम्ही दोघींनी बदलली होती, निव्वळ गंमत म्हणून. भागीदारी मोडली. बापू अमरावतीला आले, काका अकोल्याला गेले, आणि चौदा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

खरं काय ते आम्हीही बोललो नाही. आधी माराच्या भीतीनं, नंतर लाजेनं. दिवाळीच्या आधी नाझनीनचा फोन आला. काकांचा डावा कान गेला होता आणि उजव्यानंही कमी ऐकू येत चाललं होतं. ती म्हणाली, "सांगायचं असेल तर आत्ता सांगू. नंतर ओरडून सांगावं लागेल."

समोर उभं राहून सांगायची छाती दोघींचीही नव्हती. उपाय मला सापडला तो जयस्तंभ चौकाजवळच्या एका इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात. माझ्या सेकंड हँड गाडीचा टेप कॅसेटी चावून टाकायचा, फक्त रेडिओ चालायचा. दुकानदारानं अंगठ्याएवढं एक यंत्र दाखवलं. ते सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचं, त्याची वायर एमपीथ्री प्लेअरला लावायची, आकडा जुळवायचा, की आपली गाणी गाडीच्या रेडिओवर. साडेतीनशे रुपये. तो सहज म्हणाला, "मॅडम, शेजारच्या गाडीतही ऐकू येतं कधीकधी, तेवढं सांभाळा." मी ते तिथेच विकत घेतलं.

नाझनीन अमरावतीला आली तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून प्लेअरवर आम्ही आमचा कबुलीजबाब रेकॉर्ड केला. चार वेळा करावा लागला. दोनदा हसलो, एकदा ती रडली.

शनिवारी सकाळी सहाला निघालो, बापू आणि मी. बडनेरा ओलांडलं की दोन्हीकडे काळी जमीन, उभी तूर, वेचणीला आलेली कपाशी. रस्ता दोनपदरी, ट्रक भरपूर, त्यामुळे घाईत निघू नका. मूर्तिजापूरला आलुबोंडा खायला थांबलो. तर्री मागून घ्या, तेच खरं कारण आहे तिथे थांबायचं. बापूंचं लक्ष मात्र समोरच्या मंडपवाल्याकडे होतं. भोंगे एकावर एक रचून ठेवलेले, वर धूळ. कापसाला भाव नाही, लग्नं देवळात उरकतात, असं तो म्हणाला. बापूंनी एका भोंग्यावरची धूळ बोटानं पुसली आणि गाडीत येऊन बसले.

मी गाणी सुरू केली. यंत्राचा आकडा मी अकोल्याच्या स्टेशनाचाच ठेवला होता, कारण नाझनीनच्या व्हॅनमधल्या रेडिओचं बटण त्याच स्टेशनावर अडकलेलं होतं. हे करणं नियमात बसत नाही, हे मला नंतर कळलं. तुम्ही करू नका. शेजारच्या पानठेल्यावरच्या रेडिओत कपाशीवरच्या अळीची फवारणी समजावून सांगणं चाललं होतं, त्यात अचानक कव्वाली घुसली. पानवाल्यानं रेडिओला दोन चापट्या मारल्या. मी गाडी जरा पुढे घेतली तशी अळी परत आली.

बापूंच्या ते क्षणात ध्यानात आलं. खाली उतरून ते ठेल्याजवळ उभे राहिले आणि मला हातानं मागे घे, पुढे घे, अशा खुणा करू लागले. अळी, कव्वाली, अळी, कव्वाली. पावलं मोजून परत आले तेव्हा चेहरा फुलला होता. "वीस पावलं जाते," ते म्हणाले. "एवढ्याशा डबीले वीस पावलं." चौदा वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं. 

अकोल्याला साडेनऊला पोचलो. ठरलेल्या पेट्रोल पंपावर नाझनीन व्हॅन घेऊन उभी होती आणि तिच्या शेजारी रशीदकाका बसले होते. त्यांनाही माहीत नव्हतं, बापूंनाही नव्हतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही पंपावरचा दरफलक वाचू लागले. चौघं एकाच व्हॅनमध्ये जाऊ, असं नाझनीननं सुचवून पाहिलं.

"मी त्याच्या गाडीत बसत नाई," बापू म्हणाले.

काहून, असं मी विचारलं. त्याले मालूम हाय, एवढंच उत्तर मिळालं. काकांना ते ऐकू गेलं नसावं, पण त्यांनीही खिडकीची काच वर केली. म्हणजे आमच्या अंदाजाप्रमाणेच झालं. पुढे आमची गाडी, मागे व्हॅन.

अकोला ते अकोट रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता, दीड तास लागायचा. गाणी मी बापूंची आणि काकांची जुनी, त्यांच्या पेटीतलीच निवडली होती. नाझनीन अगदी मागे चिकटून चालवत होती, कारण जरा अंतर पडलं की तिच्याकडे अळी यायची. तिनं नंतर सांगितलं, की वाटेतल्या चोहोटा गावापर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "जवळ घे ना बेटा, आवाज तुटून राहिला."

अकोटच्या अलीकडे मीटरगेज रेल्वेचं फाटक बंद मिळालं. आम्ही थांबलो, मागे व्हॅन, डाव्या हाताला माणसांनी खच्चून भरलेली काळी-पिवळी जीप. मी आरशात पाहिलं. नाझनीननं मान डोलावली. मी बटण दाबलं.

"बापू, रशीदकाका, मी संध्या. माझ्यासोबत नाझनीन आहे. त्या लग्नात सनईच्या डबीत वरातीची कॅसेट आम्ही ठेवली होती. तुमच्या दोघांची काही चूक नव्हती. आम्ही घाबरलो म्हणून बोललो नाही. आम्हाला माफ करा."

हे सगळं जीपमध्येही ऐकू गेलं. तिचा रेडिओ अकोल्यावरच लावलेला होता.  कडेला बसलेल्या एका बाईनं रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघून तिला बरोबर कळलं.

 बापू रेडिओ बंद करून उतरले आणि मागे चालू लागले. मीही उतरले. नाझनीन स्टिअरिंग धरून बसली होती. काकांनी काच खाली केली. गाणं थांबून पोरीचा आवाज आला एवढंच त्यांना समजलं होतं, बाकीचं अर्धंमुर्धं. त्यांनी बापूंकडे पाहिलं आणि चौदा वर्षांनी पहिलं वाक्य बोलले.

"काय म्हणे रे संध्या?"

काकांनी नाझनीनच्या बाजूचा उजवा कान बोटानं दाखवला, पण बापू व्हॅनला वळसा घालून तिकडे गेले नाहीत. खिडकीतूनच वाकले आणि काकांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाले, "कॅसेट ह्या पोट्ट्याइनं बदलली रशीद. तू नाई अन् मी नाई."

"मंग डबीत?"

"डबीत मी सनईच ठेवली होती."

"अन् मी डबीतलीच लावली."

"हो ना बाबा," बापू म्हणाले. "डबीतलीच लावली तू."

काकांनी खिडकीतून हात काढून बापूंची बाही धरली. दोघंही आमच्याकडे बघत नव्हते. जीपमधली ती बाई शेजारणीला म्हणाली, की मारलं पाहिजे दोघींनाही. शेजारणीला ते पटलं. तेवढ्यात आगगाडी धडधडत गेली आणि फाटक उघडलं.

पुढचा प्रवास असा झाला, की बापूंनी माझ्या हातातून किल्ली घेतली आणि काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले. नाझनीन आणि मी मागून व्हॅनमध्ये. पोपटखेडवरून शहानूरला पोचलो. तिथल्या वनविभागाच्या नाक्यावर नाव लिहून परवाना घ्यावा लागतो. जंगलात गाणी लावायला मनाई आहे, हे चौकीदारानं बापूंना दोनदा सांगितलं. घाटाचा रस्ता वळणांचा आहे, पण गाडी किल्ल्यापर्यंत जाते. महाकाली दरवाजा सावकाश पाहा, त्यावरचं दगडी कोरीवकाम लेसच्या कापडासारखं आहे. वर हॉटेल नाही, पाणी आणि डबा खालूनच न्या.

शक्कर तलावाच्या काठावर दोघं वेगळे जाऊन बसले. आम्हाला बोलावलं नाही. आम्ही लांबून भाकरी आणि मिरचीचा ठेचा पोचवला आणि परत आलो. काका डाव्या बाजूला सरकले, म्हणजे बापू उजव्या कानाकडे येतील. त्यानंतर दोन तास काय बोलले ते ठाऊक नाही. बापूंचा आवाज तेवढा येत होता, शब्द नाही.

परतताना नाका ओलांडल्यावर व्हॅनच्या रेडिओतून खरखर आली आणि मग, "हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग." प्लेअरवर रेकॉर्ड कसं करायचं ते त्यांनी तलावाकाठी शोधून काढलं होतं. अकोल्यापर्यंत आम्ही दोघांच्या शिव्या आलटून पालटून ऐकल्या. नाझनीननं अंतर वाढवलं, की पुढची गाडी हळू व्हायची.

घरी आल्यावर मला वाटलं, सुटले. तसं झालं नाही.  पाचव्या दिवशी बापू ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "कॅसेटचा राग नाई. तवा लेकरं होत्या तुमी. पण चौदा वर्सं तू मायासमोर बसून जेवली, त्याचा हाय."

  चौदा वर्षांच्या ईदी, दिवाळ्या, दोन घरांतली लग्नं त्या डबीत गेली. एका सहलीनं ती परत येत नाहीत. हे वाचून कोणी असंच काही पोटात घेऊन फिरत असेल, तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की यंत्राची वाट पाहू नका.

त्या रविवारी बापू न सांगता सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले, काकांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायला. संध्याकाळी नाझनीनचा फोन आला. डॉक्टरांनी बापूंना तपासणीच्या खोलीतून बाहेर काढलं होतं. काकांच्या कानावर यंत्र लावून डॉक्टर बारीक आवाज सोडत होते, ऐकू आला की हात वर करायचा होता. डॉक्टरांनी बटण दाबलं, की बापू काकांना कोपरानं ढोसत होते.