काढून ठेवलेला बल्ब

नापिकीच्या त्या वर्षांत अमरावती-अकोल्याची गावं बातम्यांसाठी फिरायला मी एका निवृत्त महसूल अधिकाऱ्याची जुनी मोटार विकत घेतली. "इंजिनाचा लाल दिवा कधी लागलाच नाही," असं त्याने अभिमानाने सांगितलं होतं. अंधारात डॅशबोर्डवरचे काटे दिसत नव्हते, म्हणून अकोल्याच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने तो उघडून जळालेले तीन बल्ब माझ्या हातावर ठेवले. चौथी जागा रिकामी होती.

"भाऊ, इथला जळला नाही, काढला हाय. इंजिन तापलं का हाच लागते."

"काहून काढला?"

"तापल्याचं दिसू नये म्हणून. गाडी विकाची होती ना त्याले!"

याच अधिकाऱ्याने नोकरीत असताना करपलेल्या तालुक्यांची पीकस्थिती वर्षानुवर्षे 'समाधानकारक' लिहिली होती. ती मी बातमीत जशीच्या तशी छापत आलो होतो. मोटारीबद्दलही त्याचाच शब्द मानला.

मिस्त्रीने चारही जागी नवे बल्ब बसवले आणि इंजिन चालू ठेवलं. थोड्याच वेळात लाल दिवा लागला.

"आता इंजिन खोला लागते," तो म्हणाला. "तुमी पेपरवाले ना, भाऊ? घेतानी बोनेट तरी उघडून पाहाचं."