भाऊच्या खिशात मावणारा फोन

शेवटच्या वर्षात भाऊला दोन फोन घेतले, दोन्ही बटणांचे. त्या दोन फोनांनी मला जेवढा वैताग दिला तेवढा त्याच्या आजारानेही दिला नसेल. दिवसकार्य, गंधमुक्ती सगळं होऊन पंधरा दिवस झालेत आणि हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला. म्हसावदहून रोज शहाद्याला जाऊन, कचेरीबाहेर टेबल मांडून त्याने आयुष्यभर लोकांचे अर्ज टाइप केले. खाली न बघता त्याची दहाही बोटं चालायची. लिहून बोलता यावं म्हणून त्याच्या हातात काचेचा फोन दिला, तर बोट कुठे टेकलं तेच त्याला कळेना. काचेवर टिचकी मारून त्याने तो परत केला.

नंदुरबारला दुकानात विचारलं. शेठ हसले. "सर, बटनवाला पाहिजे तर साधा घ्या. बटनवाला स्मार्टफोन आता कोण विचारतं?"

शेवटी सुरतेच्या भाच्याने एक जुना मिळवून पाठवला. पडदा बाजूला सरकवला की खालून अख्खा कीबोर्ड निघायचा. अक्षरं इंग्रजी, पण त्यातच मराठी लिहायची भाऊने दोन दिवसांत सवय केली. पानभर लिहायचा. वहिनीच्या वरणाबद्दलही लिहायचा.

पण तो फोन म्हणजे अख्खी साबणाची डबी. बंडीच्या खिशात घातला की खिसा लोंबायचा, वाकलं की फोन खाली. मग तो खिडकीत राहू लागला. भाऊ ओट्यावर, फोन खिडकीत. भाऊ गोठ्यात, फोन खिडकीत. तो हातवारे करायचा, मी विचारायचो, "भाऊ, फोन कोठे शे तुन्हा?" तो खिडकीकडे बोट दाखवायचा. मी उठून आणून देईपर्यंत 'जाऊ दे' अशी त्याची मान हललेली असायची.

भाच्याने दुसरा पाठवला. हा तळहातात मावणारा. पडद्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढी बटणं. खिशात आहे हे कळतसुद्धा नसे. भाऊ खूश. बटणांवर मात्र त्याचा अंगठा टेकला की तीन अक्षरं एकदम उमटायची. मग नखाने एकेक दाबायचं, चुकलं की पुसायचं. 'चहा नको' लिहून होईपर्यंत वहिनी चहा गाळून घेऊन आलेली असायची.

मी म्हणालो, "भाऊ, हे काय बोलणं झालं? मोठाच वापर. गळ्यात अडकवायला पिशवी शिवून देतो."

त्याने बराच वेळ नख चालवलं आणि फोन माझ्यापुढे धरला. mi bail she ka.

वहिनी हसली. लहान फोन राहिला. माझा मुद्दा तरी बरोबर होता असं मला वाटत होतं, म्हणून मी आणखी चिडलो. ज्यावर लिहिता येत नाही तो कीबोर्ड कशाला? त्याचं उत्तर असं की तो निदान जवळ असतो. हे त्याने मला लिहून सांगितलं नाही. नुसता खिसा थोपटला.

मी शाळेत शिकवतो. मुलगा उत्तराला अडखळला की पुढचं मीच बोलून टाकायचं, ही माझी जुनी खोड. भाऊच्या बाबतीत तेच सुरू झालं. दोन शब्द उमटले की उरलेलं मी म्हणायचो. सुरुवातीला चुकलं तर तो मान हलवून पुन्हा लिहायचा. पुढे पुढे नुसतं 'हो' म्हणून मान डोलवायचा. मला वाटलं, मी आता त्याला बरोबर ओळखायला लागलो.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, त्याने लिहिलं: prakashala. प्रकाशा म्हणजे तापीकाठचं आमचं तीर्थ, अस्थी तिथे सोडतात; मला पुढचं बघवेना. मी घाईने म्हणालो, "हो, प्रकाशालाच नेऊ. तापीतच सोडू. आते तो विषय नको." त्याने माझ्याकडे पाहिलं. मान डोलावली. फोन खिशात ठेवला.

अस्थी प्रकाशालाच सोडल्या. दारावर बसायला आलेल्या सगळ्यांना मी सांगितलं, ती त्याची इच्छा होती.

काल तो फोन चार्ज करून उघडला. prakashala, आणि पुढे काही नाही. प्रकाशाला त्याच्याकडे टाइपिंग शिकलेला एकजण आहे. तिथल्या देवळात जायचं त्याने दोनदा लांबणीवर टाकलं होतं. माझ्या मनात आलं तेच त्याच्याही मनात असेल, नाहीतर मी सांगितलं त्याला थकून हो म्हणाला असेल. त्याचे किती 'हो' तसे होते, ते मोजायला आता काही साधन नाही.

मी पुढचा शब्द लिहायला गेलो. अंगठ्याखाली तीन अक्षरं एकदम उमटली. पुसली. नखाने पुन्हा दाबायला लागलो.

वहिनी दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, आते तरी त्यासनं त्यासले लिखू द्या."

त्याचं त्याला लिहू द्यायचं. माझं एक अक्षर उमटलं होतं, ते पुसलं आणि फोन भाऊच्या बंडीच्या खिशात ठेवला. बंडी अजून खुंटीवरच आहे.