आम्ही फोडलेली बस

माझा राग आधी हातात येतो, डोक्यात नंतर. त्या सकाळी तो डोक्यापर्यंत पोचलाच नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या भातशेतीवर सेक्टर उभे राहिले. घरं एकीकडे, स्टेशन चार किलोमीटरवर, बाजार वाशीला, कचेऱ्या बेलापूरला. पायी गाठता येईल असं काही म्हणून ठेवलं नव्हतं. आमचं मात्र फावलं. जमीन गेल्यावर मी रिक्षा घेतली होती. मागे चार, पुढे माझ्या दोन बाजूंना दोन, एवढे कोंबल्याशिवाय मी हलत नसे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचो. निळा धूर निघायचा, बायका नाकाला पदर लावायच्या, पण बसायच्या. जातील कुठे?

मग सोसायट्यांनी अर्ज करकरून बस आणली. आदल्या संध्याकाळी आम्ही नाक्यावरचे सगळे गावदेवीच्या देवळात जमलो. आमच्यातला सगळ्यात म्हातारा रिक्षावाला म्हणाला, "जमिनी गेल्या, आता धंदा पन जानार हाय. बस चालली तर आपन मेलो." नारळावर हात ठेवून आम्ही शपथ घेतली, बस नाक्यापुढे जाऊ द्यायची नाही.

सकाळी सोसायट्यांतल्या बायकांनी बसला ओवाळलं, ड्रायव्हरला कुंकू लावलं, पेढा भरवला आणि हौसेने आत जाऊन बसल्या. पहिला दगड मी मारला. पुढची काच खळकन खाली आली, मग कोणी कोणाचं ऐकेना. ड्रायव्हरला कॉलर धरून ओढला आणि लाथांनी तुडवला. तोंडातला पेढासुद्धा त्याने गिळला नव्हता. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं. मी लोखंडी पाना घेऊन एकेक खिडकी फोडत गेलो. चौथ्या खिडकीत एक शिक्षिका होती, रोज माझ्याच रिक्षाने जाणारी. काच तिच्या गालात घुसली. ती किंचाळली नाही. "अहो, तुम्ही?" एवढंच म्हणाली. तिथे मी थांबायला हवं होतं. मी पाचवी खिडकी फोडली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

बस बंद झाली. आम्ही गुलाल उधळला. लोक आता मुकाट्याने रिक्षात बसणार, अशी आमची खात्री होती. लोकांनी हप्त्यांवर स्कूटरी घेतल्या. वर्षभरात एकेका बिल्डिंगखाली उभं राहायला जागा उरली नाही, आणि सकाळी नाक्यावर एवढा धूर साचायचा की डोळे चुरचुरायचे.

एकदा ती शिक्षिका मोपेडवरून आली. गाडी नेमकी आमच्यासमोर बंद पडली. ती किक मारत राहिली. तिच्या गालावरचा व्रण दिसला तसा मी रिक्षातून उतरून पुढे गेलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच.

"बसा, सोडतो शाळेत. पैसे नकोत."

तिने मान वर केली नाही. "गाडी चालवायची मला भीती वाटायची," ती म्हणाली. "तुमची जास्त वाटते."

मोपेड सुरू झाली, ती गेली. माझी रिक्षा सकाळपासून रिकामीच उभी होती.