निळी बाटली

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय, अन् माझी अब्रू घालवली कुणी, तर एका कुत्र्यानं!

झालं असं, मुकुंदवाडीत आमच्या दारात नवी स्कूटर आली अन् रोज पहाटे कुठलं तरी कुत्रं येऊन पुढचं चाक ओलं करून जायला लागलं. आमच्या सुनंदानं काय करावं? बाटलीत पाणी भरलं, कपड्याची नीळ टाकली अन् चाकापाशी ठेवली. निळं पाणी बघून कुत्रं फिरकत नाय म्हणं!

मी हसून हसून बेजार. "शिक्षकाची बायको तू! पुरावा काय याला?"

"मग घ्या की पुरावा. आठ दिवस बघा. हरंल त्यानं वर्षभर स्कूटर धुवायची."

आमच्याकडं नळाला पाणी कधी येतं, तुम्हाला माहीतच हाय. म्हणजे पैज साधी नव्हती! मी लगेच तक्ता आखला. तारीख, वेळ, चाक ओलं की कोरडं. अन् आठही दिवस चाक कोरडं ठणठणीत!

आता मी पडलो विज्ञानाचा माणूस. तक्त्याखाली 'मी हरलो' लिहून झोकात सही ठोकली. एवढ्यावर थांबावं की नाय? नाय! रविवारी गल्ली गोळा केली, तक्ता दाखवून अर्धा तास भाषण झोडलं. संध्याकाळपर्यंत दारोदारी निळ्या बाटल्या. किराणा दुकानातली नीळ खलास!

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलेलं, अख्खी गल्ली हंडे घेऊन बाहेर. तेवढ्यात शेजारचे शब्बीरभाई रिक्षातून उतरले. त्यांच्या आधी त्यांचा कुत्रा उतरला, शेरू.

"याला कुठं नेलतं, भाई?"

"साली की शादी थी ना सर, पाचोड में. नौ रोज वहींच थे. इसको यहां कौन देखता?"

मी बोटांवर मोजलं. आठ दिवस तक्त्याचे, नववा भाषणाचा! शेरू सरळ आमच्या स्कूटरकडं आला. बाटली हुंगली. अन् चाक सोडून बाटलीवरच पाय वर केला!

गल्ली हसून लोटपोट. सुनंदा म्हणाली, "अहो, कुत्रं गावात हाय का नाय, हा रकाना तक्त्यात नव्हता व्हय?"

"अगं, पण मग मीच बरोबर होतो की! बाटलीनं काय होत नाय. पैज मी जिंकली!"

"जिंकलात ना. पण 'हरलो' म्हणून सही कुणाची हाय?"

पुराव्यापुढं मान तुकवायची, हे वर्गात मीच शिकवतो. मुकाट्यानं बादली उचलली.